दहापैकी तीन

९ जून
रोपवाटिकेच्या मोफत ऑनलाइन कोर्सला अठरा हजार विद्यार्थी! पेपर तपासणार कोण? विद्यार्थीच — प्रत्येकाने दुसऱ्या एकाचा. पाचाखाली नापास. ह्यांचं सुरू झालं — "साठीत मास्तरीण झाली आमची बाई!" मी बी.एस्सी. आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. थट्टा म्हणून तपासणार नाही.

१० जून
भयंकर पेपर. मिरचीच्या रोपांना मर रोग लागला तर काय कराल? उत्तर — "मी हिरीबाई पोहरादेवीची बोलून राह्यली पाणी बंद करा लागते सावली सकाळून काढा लागते सडली रोपं मातीसकट फेका लागते". ना पूर्णविराम, ना परिच्छेद! दहापैकी तीन. शेरा — "आळस दिसतो. आधी शुद्ध लिहायला शिका."
तपासणाऱ्याचं नाव पेपर लिहिणाऱ्याला दिसत नाही. बरंच आहे.

१९ जून
आमच्याच वाफ्यातली मिरची माना टाकतेय. पुस्तकातली फवारणी दोनदा झाली. रोपं जातातच.

२१ जून
हिरीबाईचा उपाय सुरू केला. पाणी बंद.

२६ जून
उरलेली रोपं तगली. तिचं उत्तर बरोबर होतं. मी ते वाचलंच नव्हतं — नुसतं तपासलं होतं.

२७ जून
कोर्सवाल्यांना कळवलं, चूक माझी, गुण बदला. क्षणात उत्तर — "निकाल अंतिम आहे." मशीनचं. पुन्हा लिहिलं. तेच वाक्य. अठरा हजारांमागे बोलायला एक माणूस नाही!

१ जुलै
बसने पोहरादेवीला गेले. विचारत विचारत घर सापडलं. हिरीबाई पन्नाशीच्या, भाजीच्या मळ्यात मजुरी करतात. "मीही त्याच कोर्सला होते," एवढंच म्हटलं. केवढ्या खूश झाल्या! चहा ठेवला.
"मले लिव्हता-वाचता येत नाही, बाई. मी बोलतो, फोन लिव्हते. सारे व्हिडिओ आयकले — दोन-दोन खेपा!"
मंगरूळपीरजवळ एका रोपवाटिकेत काम ठरलं होतं. सर्टिफिकेट दाखवायचं होतं. ते काम दुसरीला लागलं.
"कोन मास्तर होता, कोन जाने. मले आळशी म्हने! त्याले एक दिवस उन्हात गवत निंदाले लावा." हसल्या. मग हळूच — "पोरीनं थो शेरा वाचून दाखोला. तवापासून फोनसंग बोलाची लाज वाटते."
माझा नंबर मागून घेतला. चहा संपवून निघाले. सांगितलं नाही.

४ जुलै
रोपं लावली.

२ ऑगस्ट
हिरीबाईंचा फोन. "नमस्कार. मी हिरीबाई बोलत आहे. मी आपणास —" पुढचं सुचेना. मग — "कोर्स परत सुरू होऊन राह्यला, बाई. म्हनून सुद्द बोलाचं शिकून राह्यली. दोन वाक्यं झाली."
मी म्हटलं, "तो शेरा माझा होता."
फोन चालूच होता. त्यांनी ठेवला नाही.