आईच्या वर्षाला एक माणूस कमी

शेगाव,
नोव्हेंबर १९६३

प्रिय मिल्का,

तुझं पत्र पोचलं. तिकडे यहुद्यांच्या नव्या देशात ज्वारीची भाकरी मिळत नाही म्हणून पानभर रडगाणं, आणि एझ्राबद्दल चारच ओळी, त्याही लाजत लिहिलेल्या! बापाला काही कळत नाही असं समजू नकोस. शेवटी जे विचारलंस त्याकडे येतो. आधी आईचं वर्ष कसं झालं ते ऐक.

रेवदंड्याला आपली मशीद होती, माणसं होती. इथे मी मालधक्क्यावरचा कारकून, आणि वडिलांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या म्हणून सगळ्यांची प्रार्थना चालवणारा हजान. आपण यहुदी आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतो याचं शेजारच्या उकंडरावांना अजून नवल वाटतं. मी त्यांना सांगतो, आमची इथली मशीद म्हणजे भुसावळ ते बडनेरा रेल्वेचा रूळ. त्यावर आपली घरं विखुरलेली, कोणी गार्ड, कोणी फिटर. मृतांसाठीच्या कद्दिश प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात; ते एकत्र आणायचे म्हणजे बेडकं तराजूत तोलायची. एक बसतो तोवर दुसऱ्याची ड्यूटी लागते.

या वेळीही तसंच झालं. माझ्यासकट नऊच जण जमले. अकोल्याच्या सॅमसनला ऐन वेळी मालगाडीवर धाडलं. मलिद्याचं ताट भरलेलं, पोहे, गूळ, खोबरं, खजूर, सगळं तुझ्या आईच्या हातचं वाटावं असं. आणि आम्ही दाराकडे डोळे लावून बसलेले. उकंडरावांच्या कानावर गेलं. वांग्याच्या मळ्यातून तसेच घरी जाऊन, धुतलेलं धोतर नेसून, टोपी सारखी करत आले. मागे त्यांचे भाऊबंद. म्हणाले, “एक मानूस कमी पडते ना हजानभाऊ? घ्या, सहा आनले!”

मला हसू आलं. तुझ्या आईच्या आजारपणात याच माणसानं रोज दूध आणून दिलं होतं. त्याला कोणत्या तोंडानं सांगू की तुम्ही यात मोजले जात नाही? पण सांगितलं. उकंडरावांनी चपला दाराशी काढून ठेवल्या. मग म्हणाले, “मंग मोजू नका आमाले. बसू त द्या.” सगळे बसले. आम्ही स्तोत्रं म्हटली, मलिदा वाटला. कद्दिश राहिलं. मिल्का, तुझ्या आईसाठी, माझ्या सेगुलासाठी मी ते म्हटलं नाही, आणि त्याचं दुःख अजून उतरलेलं नाही.

आता तुझं. तुमचं लग्न लावायला तिकडचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तयार नाहीत. तुझी आई, आजी खऱ्या यहुदी होत्या का याची चौकशी करतात, आणि शुद्ध करून घ्यायला तुला पाण्यात बुडी मारायला सांगतात. तू विचारतेस, ‘बाबा, आपण खरंच यहुदी आहोत ना?’ पोरी, हे वाचून मी प्रार्थनेची शाल तोंडावर ओढून रडलो. अगं, नियमात सवलत घेणारा माणूस मी नव्हे. स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा घेतली नाही. तोच मी तुला सांगतो, तुझ्यात काही कमी नाही. बुडी मारू नकोस. एझ्राला घेऊन घरी ये. लग्न मी लावतो.

तुझेच,
बाबा