राहिलेला काना

मंगळवार, १२ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा बाबा जास्त. मी अजून त्याच छापखान्यात मुद्रितं तपासते. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय.

सहा वर्षांनी ताईला आज कशी आठवण झाली, म्हणशील. आधी माझी फजिती ऐक. एका वयस्कर भंतेंची पुस्तिका छपाईला आली होती. जिथे तिथे 'अर्हत'. माझा सगळा जन्म नोकरीच्या जाहिराती तपासण्यात गेलेला, मला वाटलं काना राहिलाय. त्रेचाळीस ठिकाणी 'अर्हता' करून ठेवलं. भंतेंनी पाहिलं आणि पोट धरून हसले.

मग म्हणाले, "ताई, ज्याचा लोभ, द्वेष, मोह मुळापासून संपला, तो अर्हत. त्याने ओझं खाली ठेवलंय. मानाला पात्र खराच, पण ती पात्रता दारात उभं राहून कुणी तपासत नाही."

मी मान डोलावली आणि काने खोडत बसले. विसाव्या-एकविसाव्या कान्यापाशी डोळे भरून आले. दारात उभं राहून मी तपासली होती ना तुझी. तेव्हा शब्द साधा वापरला होता, लायकी.

आता आडवळण पुरे. तू शिक्षण सोडून सुतारकाम धरलंस, तेव्हा मी तुला सांगितलं, "या घरात पाय ठेवायची तुझी लायकी नाही, असं बाबा म्हणतात." बाबा तसं म्हणाले नव्हते रे. ते आत झोपले होते. तुझ्यासाठी माझं शिक्षण थांबलं, तो राग मी त्यांच्या तोंडी घातला. आणि त्यांना सांगितलं, की तुलाच यायचं नाही.

काल त्यांना सगळं खरं सांगितलं. ते उठले आणि तुझ्या सायकलीत हवा भरायला गेले. एरवी दर रविवारी भरतात. काल सोमवार होता.

अर्हत होणं माझ्या आवाक्यातलं नाही, राग अजून नाकाच्या शेंड्यावरच असतो. पण हे एक ओझं खाली ठेवलं आणि आज किती दिवसांनी हलकं वाटतंय. तू मला माफ करावंस असा हट्ट नाही. बाबांसाठी मात्र ये. पुढचं दार फुगून चौकटीत अडतंय, येताना रंधा आण.

वर सवयीने आशीर्वाद लिहिलेत, ते खोडत नाही. त्यांच्याआधी 'मला क्षमा कर' एवढं राहिलंय. तेवढी दुरुस्ती करून वाच.

तुझी,
ताई