अकरा दिवस कमी पडले

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा पाय सध्या कामातून गेलाय, तेव्हा उरलेल्या सातांवर गोड मानून घे. पाय कसा गेला ते पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला गेला का, की अजूनही तू बोलायला लागलास की तेवढ्यापुरता येतो? आम्ही दोघी मजेत आहोत. फोनवर तू नुसतं 'मामा' ऐकलंस की 'नाही' म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र तुझ्याच डेपोच्या गाडीतून, तुझ्याच कंडक्टरच्या हाती पाठवतेय. शांतपणे वाच.

तुला माहीतच आहे की मी उस्ताद मित्रमंडळाची संस्थापक, अध्यक्ष आणि चिटणीस आहे. (उस्ताद म्हणजे आमचा हिरो. तू त्याला 'तो माकडउड्या मारणारा' म्हणतोस, ते मी मोठ्या मनाने पोटात घातलंय.) मंडळात आम्ही तिघं. मी, सोळा वर्षांचा आणि सहा फुटांचा लंबू, आणि त्याची बहीण पिटुकली. तर महिन्यापूर्वी उस्तादने जाहीर केलं, हा माझा शेवटचा सिनेमा, यापुढे मी बागकाम करणार. मामा, मी दोन दिवस जेवले नाही. (दुसऱ्या दिवशी रात्री जेवले, पण मन नव्हतं.) अरे, सात वर्षांची असल्यापासून त्याचा एकही पहिला खेळ मी चुकवलेला नाही. अंगभर कांजिण्या होत्या तेव्हासुद्धा तोंडाला ओढणी गुंडाळून गेले होते. (पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना नंतर कांजिण्या आल्या, पण तो निव्वळ योगायोग.)

आणि नेमका या शेवटच्या सिनेमावर शिक्का बसला: फक्त प्रौढांसाठी! आम्ही कसून चौकशी केली. सिनेमात म्हणे चौदा खून आहेत आणि एक चुंबन. आता खून म्हणशील तर नऊ वर्षांची असताना मी त्याच्या एकाच सिनेमात एकवीस मोजले होते, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणजे हरकत चुंबनाला. आणि तेही घोड्याचं. माझा अठरावा वाढदिवस सिनेमा लागल्यापासून बरोबर अकरा दिवसांनी, मंगळवारी येतो. आईपुढे रडून झालं. ती म्हणाली, नियम म्हणजे नियम, अकरा दिवसांत काही आभाळ कोसळत नाही, आणि त्या माणसात बघण्यासारखं आहे तरी काय? मी म्हटलं, पहिला खेळ अकरा दिवसांनी कसा बघणार? त्यावर ती भांडी घासायला लागली. आई भांडी घासायला लागली की विषय संपतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक असेल.

मग आम्ही मोठं व्हायचं ठरवलं. लंबूचं म्हणणं असं की मिशा-बिशा काढणं पोरकटपणा आहे, माणूस मोठा दिसतो तो बोलण्यावरून. त्याने आठवडाभर दवाखान्याच्या बाकावर बसून मोठी माणसं काय बोलतात याचा अभ्यास केला आणि वहीच भरली. पाठदुखी, पित्त, पाण्याचं बिल, आजकालची मुलं. शुक्रवारी रांगेत उभे राहिलो तेव्हा मी आईच्या उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या, पिटुकलीने आजीचा चष्मा लावला होता (तिला त्यातून काही दिसत नव्हतं, म्हणून ती एका खांबाशी अदबीने बोलत होती), आणि लंबूने कंबरेवर हात ठेवून, 'बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही' असं सुरू केलं. मामा, काय सांगू! मागचे एक गृहस्थ लगेच विरघळले. त्यांनी कंबरेचा व्यायाम सांगितला आणि तिथल्या तिथे करून घेतला. पुढच्या बाईंनी पित्तावर उपाय सांगितला. लंबू इतका रंगला की 'आमच्या वेळी असं नव्हतं' असंही म्हणाला, आणि आख्ख्या रांगेने माना डोलावल्या. खिडकीतल्या माणसाने वर न बघता तीन तिकिटं दिली. मी ती तीनतीनदा मोजली. आनंदाने रे!

आता दारात काय झालं ते ऐक. आमच्या मंडळाची एक रीत आहे. मी स्वतः तयार केलेली सभासद-कार्डं आहेत आणि उस्तादच्या प्रत्येक पहिल्या खेळाला दारावरचे गेटकाका त्यावर तिकीट टोचायच्या चिमट्याने एक भोक पाडून देतात. माझ्या कार्डावर अकरा भोकं आहेत. हे शेवटचं, बारावं. तर गेटकाकांनी आम्हाला बघितलं. दहा वर्षं बघताहेत, ओळखलं नसेल असं कसं म्हणू? पण त्यांनी छताकडे नजर लावली, तिकिटं घेतली आणि 'या, आजी' असं पिटुकलीला म्हणाले. पडदा हातभर अंतरावर होता. आणि मी, अध्यक्ष आणि चिटणीस, सवयीने पर्समधून कार्ड काढलं आणि भोक पाडायला त्यांच्यापुढे धरलं. कार्डावर माझ्याच वळणदार अक्षरात, लाल शाईने, अधोरेखित करून काय लिहिलंय? जन्मतारीख. आणि गेटकाकांच्या खांद्यावरून वाचत कोण उभं होतं? मॅनेजर. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, अकरा दिवस कमी पडताहेत. मी ताठ मानेने वळले, चपलेची टाच पायरीत अडकली, आणि पाय गेला तो असा. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय! लंबू आणि पिटुकली मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त रडू आलं.

असो. या चार दिवसांत मी पुष्कळ विचार केला. सिनेमा म्हणजे आयुष्य नव्हे. मोठं होणं म्हणजे काही गोष्टी सोडून देता येणं. मी अभ्यासाला लागले आहे. मला कुणाकडून काही नको. मामीला नमस्कार.

तुझी,
शहाणी झालेली भाची

ता.क. वरचा परिच्छेद आई पत्र वाचून बघेल म्हणून लिहिला होता. ती वाचून कामाला गेली. आता खरं ऐक. सिनेमा साफ पडलाय. पडणारच! उस्तादला बघणारे आम्ही, आणि आम्हालाच बाहेर काढलं, मग आत बसणार कोण? मॅनेजर गुरुवारी सिनेमा उतरवणार. मी लंगडत जाऊन त्यांच्या हातापाया पडले, तेव्हा म्हणाले, गुरुवारी दुपारच्या खेळाला पंचवीस डोकी दिसली तर आणखी एक आठवडा ठेवीन. पहिला खेळ गेला तो गेला, पण निदान माझ्या वाढदिवसाचा मंगळवार त्या आठवड्यात येतो. मामा, तुझ्या डेपोच्या बारा गाड्या रोज दुपारी बारा ते चार इथल्या स्टँडवर उभ्या असतात आणि चोवीस ड्रायव्हर-कंडक्टर गाडीच्या सावलीत पेपर अंथरून घामाघूम झोपतात. थिएटर समोरच आहे. आत गार असतं. कुणाला कुठे पाठवायचं ते तूच ठरवतोस ना? तिकिटं मंडळातर्फे. आणि पंचविसावा तू ये.

ता.क. २. सिनेमा बघायलाच हवा अशी सक्ती नाही. झोपले तरी चालेल. फक्त चुंबनाच्या वेळी कुणी घोरू नये, मॅनेजर तेव्हा आत डोकावतात. आणि कुणी जागा राहिलाच तर शेवट मला सांगायचा नाही. लंबू आणि पिटुकलीसाठी सगळं मलाच बघून ठेवायचंय, त्यांना अजून दोन-तीन वर्षं आहेत.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ता गेटकाका भेटले. गेले तीन दिवस आई दुपारी साडेबाराऐवजी साडेतीनला घरी येतेय, हॉस्पिटलात जादा काम निघालं म्हणते. गेटकाका म्हणाले, दुपारच्या खेळाला तीन दिवस एक नर्सबाई एकट्याच येतात, गणवेशातच. दिवे गेले की पाच मिनिटांत झोपतात. काल गेटकाकांनी विचारलं, बाई, झोपायचं तर घरी का नाही झोपत? तर म्हणाली, मंगळवारपर्यंत हा टिकला पाहिजे. मामा, मला खूप रडू येतंय. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. पंचविसावी मिळाली, पण तरीही तू ये. तिची मान डावीकडे कलते म्हणे. तू तिच्या डाव्या बाजूला बस.