कुंकू लावलेला चष्मा

नाना, काल टपालाने आलं ते असं. पुठ्ठ्याची एक पेटी, आपल्या भाकरीच्या डब्याएवढी. तिच्यात हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या चार उश्या, उश्यांखाली एक लहान पेटी, तिच्यात एक चपटी डबी, आणि डबीत मी तीन आठवड्यांपूर्वी परत पाठवलेला माझाच वाचायचा चष्मा. किंमत एकोणतीस डॉलर नव्याण्णव सेंट, वर कर दोन डॉलर सतरा सेंट, परत पाठवायचं टपाल सहा डॉलर चाळीस, तेही माझ्याच माथी. सोबत एक छापील चिठ्ठी. तिचा अर्थ असा की वस्तू वापरलेली आहे, नाकावर बसणाऱ्या भागाला तांबूस डाग आहे, सबब पैसे परत मिळणार नाहीत. आणि खाली, निर्लज्जपणा बघा, ‘आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत आहे.’ कुटुंब म्हणे. ज्या कुटुंबात हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही, ते कसलं कुटुंब?

तुम्हाला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली, तेव्हा तुमच्या लेकीचं आता काय चाललंय ते आधी थोडं सांगायला हवं. मी आणि हे आता अमेरिकेत मुलाकडे असतो, कॅरी नावाच्या गावी. झाडी पुष्कळ, देऊळ आहे, आपली माणसंही पुष्कळ. पण पायी जाऊन गाठता येईल अशी इथे एकच गोष्ट, ती म्हणजे कोपऱ्यावरच्या टपालपेट्या. बाकी सगळं गाडीने. मुलगा सकाळी गाडी चालवत ऑफिसला जातो, शनिवारी आम्हाला दुकानात नेतो, आणि दुकानात माझी खरी परीक्षा असते. इथल्या प्रत्येक पाकिटावर आत काय काय घातलंय ते छापलेलं असतं, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. ते वाचल्याशिवाय काही घ्यायची सोय नाही. बिस्किटात अंडं, पावात चरबी, कशात काय घालतील नेम नाही.

गोकुळाष्टमीला माझं विरजण बिघडलं. आयुष्यात दोन-तीनदाच बिघडलं असेल, ते नेमकं त्या दिवशी. मग दुकानातलं दही आणून गोपाळकाला केला, बाळकृष्णापुढे ठेवला, आरती झाली, सगळ्यांनी प्रसाद घेतला. नातीने रिकामा डबा उचलला आणि वाचत बसली. म्हणते, “आजी, इट सेज जेलेटिन. दॅट्स बोन्स, यू नो? लाइक, काऊ बोन्स.” नाना, माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. देवाच्या पुढ्यात मी काय ठेवलं होतं! तीन दिवस एकभुक्त राहिले. हे म्हणाले, “अगं, देवाला कळतं तुला दिसत नाही ते.” देवाला कळतं हो. पण मला दिसायला नको?

माझा वाचायचा चष्मा आहे, पण तो घरी राहतो. निघताना पिशवी, फोन, स्वेटर, औषधं, इतकं लक्षात ठेवायचं असतं की चष्मा देवापाशी पोथीवरच राहतो. म्हणून मुलाने हा शोधून काढला. “आई, हा बघ, फोनच्या पाठीला चिकटतो. फोन घेतलास की चष्मा आलाच.” दिसायला सुबक, दोन नाण्यांएवढा. तुमचा तो काळा जाड चष्मा, एक काडी मोडली तर शिवायच्या दोऱ्याने बांधून सात वर्षं वापरलात. याला काड्याच नाहीत! मोडेल असं काही ठेवलंच नाही, ही त्यांची हुशारी. नुसता नाकाला चिमटा. काड्यांचा चष्मा इथे औषधांच्या दुकानात याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. जितकं कमी द्यायचं तितके जास्त घ्यायचे, हा इथला व्यापार. मी नको म्हणत होते. पण बाळकृष्णासाठी म्हणून हो म्हटलं.

आला त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर ठेवला, हळद-कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला, मग नाकावर चढवला. नवी वस्तू तशीच वापरायची नाही, हे तुमचंच. तुमच्या दुकानातली नवी कात्री असो की माझी पाटी. मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही शाईचं पेन आणलंत, त्याच्या टोपणाला कुंकू लावून मगच माझ्या हातात दिलंत. त्या पेनाने मी संसाराची पहिली बारा वर्षं हिशेब लिहिला.

चष्मा तीन दिवस बरा चालला. चौथ्या दिवशी चिमट्यातली तार सैल पडली. सरळ उभं राहून वाचलं तर ठीक, खालच्या फळीवरचं वाचायला वाकले की हा खाली. एकदा गोठवलेल्या मटारांच्या बर्फात पडला, एकदा कुणा बाईच्या सामानाच्या ढकलगाडीत, तिच्या केळ्यांवर. यांना तर निमित्तच मिळालं. “वाळत घातलेल्या कपड्यासारखं दिसतंय तुझं नाक. चिमटा आहे, दोरी कुठाय?”

पेटीतल्या कार्डावर लिहिलं होतं की पसंत पडला नाही तर तीस दिवसांत परत करा, एकही प्रश्न विचारणार नाही. नाना, नऊ विचारले. मी मोजले. विचारणारं माणूसही नव्हतं, मुलीचं नाव घेतलेलं यंत्र होतं. आधी म्हणालं, ‘तुम्हाला किती त्रास झाला असेल ते मला समजतं.’ त्याला माझा त्रास समजला, पण पावतीचा नंबर समजेना, तो चारदा मागितला. मग समोरून फोटो पाठवा, बाजूने फोटो पाठवा. तुमच्या नाकाची त्वचा तेलकट आहे का? चष्मा नाकावर आणखी वर बसवून पाहिलात का? म्हणजे दोष नाकाचा! पासष्ट वर्षं चमकी सांभाळलेलं नाक माझं, या दीडशहाण्यांच्या चार दिवसांच्या तारेपुढे तेच चुकीचं ठरलं. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक हसरा पिवळा चेहरा. समोरासमोर उभं राहायची ज्यांची हिंमत नाही, ते चेहरे छापून पाठवतात.

शेवटी एक फॉर्म आला. मुलगा ऑफिसला निघाला होता, चहा उभ्यानेच चालला होता. फॉर्ममध्ये एक चौकोन होता, ‘वस्तू वापरलेली नाही’. त्याने फोन माझ्यापुढे धरला. “आई, टिक कर गं. नाहीतर फॉर्म पुढेच जात नाही. सगळे तेच करतात.”

नात म्हणाली, “बाबा, दॅट्स लायिंग.”

“यू ईट युअर सीरिअल,” तो म्हणाला.

मी टिक केली. चष्मा स्वच्छ करून, डबीत घालून पाठवून दिला. आणि काल तो परत आला, तांबूस डागासह. चिठ्ठीवर डागाचा रंगीत फोटोही छापला होता, मोठा करून. माझी तक्रार वाचायला यांच्याकडे माणूस नव्हता, पण एवढासा डाग शोधायला बरोब्बर होता.

तो फोटो पाहिला आणि मला तुमचं दुकान आठवलं. कराडच्या पेठेतलं, ज्याच्या गादीवर तुम्ही मालकांच्या नोकरीत तीस वर्षं साड्या उलगडल्यात. मी सातवीत आहे. सकाळची शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन येते आणि तुमचं जेवण होईपर्यंत गादीच्या कडेला पाय सोडून बसते. दुपारची वेळ, मालक घरी गेलेत, गिऱ्हाईक नाही. एक बाई पायरी चढून येते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी पुढे करते. जांभळी, पिवळ्या काठाची, आठ दिवसांपूर्वी तुम्हीच दाखवलेली. “घरात रंग पसंत पडला नाही,” म्हणते. तुम्ही साडी उजेडाकडे नेता, घडी उलगडता, पदर हातावर घेता. पदराच्या टोकाला नखाएवढा गुलाबी डाग, धुतलेला, अजून दमट.

“बाई, याला कुंकू लागलंय,” तुम्ही म्हणता.

“नाही हो, कुंकू कुठलं! तुमच्याकडेच काही लागलं असेल.”

मी गादीवरून मोठ्याने हसते. “खोटं बोलतेय नाना! बघा की, अजून ओलं आहे!”

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की माझे हलणारे पाय थांबले. “तोंड आवर,” म्हणालात. “देवापुढे लावलेलं कुंकू कुणी हौसेने पुसत नाही.” मग त्या बाईला म्हणालात, “कुंकू लावलं की कापड तुमचं झालं. दुकान ते परत घेत नाही. मालकांचा नियम आहे, आणि तो मला मोडता येत नाही.” साडीची पुन्हा नवी असल्यासारखी घडी घातलीत, नव्या कागदात बांधलीत. आणि मग जे कुठल्याही गिऱ्हाइकासाठी करत नसा ते केलंत. गादीवरून उठलात, चपला घातल्यात, तिच्याबरोबर पायरीपर्यंत गेलात आणि हळू आवाजात काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही. बाईने मान हलवली, साडी बगलेत धरली आणि गेली. तुम्ही परत येऊन बसलात, अर्धी भाकरी खाल्लीत, अर्धी डब्यात ठेवलीत. ती टाकून द्यावी लागली म्हणून आई संध्याकाळी मलाच बोलली.

म्हणजे नकार तुम्हीही दिलात, नाना. त्याचा मला राग नाही. पण नकार देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघावं लागत होतं, आणि नंतर भाकरी घशाखाली उतरत नव्हती. या लोकांच्या भाकरीचं काहीच होत नाही. यंत्राला भाकरीच नसते. हेच यांना ऐकवायचं असं मी रात्रीपासून ठरवलं होतं, म्हणून आज सकाळी मुलगा गेल्यावर मी स्वतः फोन केला.

अडतीस मिनिटं वाजंत्री ऐकवली. तेवढ्यात माझ्या जपाच्या चार माळा झाल्या, त्या कंपनीचा माझ्या परमार्थाला झालेला एवढाच उपयोग. मग एका बाईचा आवाज आला. नाव इंग्रजी सांगितलं, पण ‘मॅम’ म्हणायची धाटणी आपल्याकडची. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत जे ठरवलं होतं ते सगळं ऐकवलं. तुम्ही लोक चोर आहात. तार तुमची सैल आणि नाव माझ्या नाकाचं. “यू पीपल हॅव नो शेम,” असंही म्हटलं, दोनदा.  ती नुसती टकटक टाइप करत होती. मग टकटक थांबली आणि तिने आवाज अगदी खाली आणला.

“काकू, तुमचं आडनाव वाचलं म्हणून मराठीत बोलते. फोटो मी मोठा करून बघितला. कुंकू लावलं होतंत ना? माझी आई नव्या मिक्सरलासुद्धा लावते. तसं असेल तर सांगा, मी धार्मिक कारण म्हणून वर लिहून बघते. होईलच असं नाही, पण बघते.”

मला एकच शब्द बोलायचा होता. हो. पण हो म्हटलं तर चष्मा वापरला होता हे आलं, मग ती टिक आली, आणि त्याआधी जे केलं तेही आलं. नुसतं ‘स्वच्छ करून पाठवला’ असं वर लिहिलंय मी, तुम्हालासुद्धा. खोबरेल तेलात कापूस बुडवून, देव्हाऱ्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या सिंकपाशी उभं राहून मी ते कुंकू घासून काढलं होतं. एकोणतीस डॉलर नव्याण्णव सेंटांसाठी. आणि आत्ताच तर मी तिला दोनदा निर्लज्ज म्हटलं होतं.

“नाही हो, कुंकू कुठलं!” मी म्हणाले. “तुमच्याकडेच काही लागलं असेल.”

 ती पुन्हा इंग्रजीत म्हणाली, “ओके, मॅम. इज देअर एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ?”

त्या कंपनीबद्दल माझं मत बदललेलं नाही. तार सैलच होती आणि ते लोक लबाडच आहेत. पण त्यांच्या त्या अख्ख्या ‘कुटुंबात’ माझ्याशी एकच माणूस खरं बोललं, आणि मी त्याला खोटं पाडलं. चष्मा आता समोर आहे. पोथीवर ठेवला नाही, फोनलाही चिकटवला नाही. हे दोनदा विचारून गेले, “काय लिहितेस एवढं?” मी म्हटलं, हिशेब. हे पत्र वहीतच राहणार आहे, कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. तरी विचारते. त्या दुपारी दुकानाच्या पायरीवर, हळू आवाजात, तुम्ही त्या बाईला काय सांगितलंत? ते ऐकून ती मान हलवून जाऊ शकली. जसं बोललात तसंच लिहा, दोन ओळी पुरेत. उलट टपाली कळवा.