भाकरी कुणी मोडून बघायची

९ जुलै
शिवराज पुण्याहून कसलंसं ट्रेनिंग करून आला आणि जेवता जेवता मलाच शिकवायला लागला. "आई, सगळं तूच ठरवतेस. निर्णय सोपवायला शीक, कारखान्यातल्या बायका तयार होतील." माझाच मुलगा! त्याच्याच हट्टापायी उद्यापासून कारखाना रेश्माच्या हाती. मोहोळहून दोन वर्षांपूर्वी पीठ मळायला आलेली ही पोरगी! कडक भाकरीचा धंदा उभा केला मी, आणि मी आता म्हणे फक्त बघायचं.

बघते ना.

१० जुलै
पॅकिंगच्या आधी एक भाकरी मोडून आवाज ऐकायचा, वाळली की नाही ते ठरवायचं — हे काम माझं. आजवर कुणाला करू दिलं नाही. रेश्मानं सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं, "जिची भाकरी, तिनंच मोडून बघायची. जाऊ द्यायची का न्हाय, तिनंच ठरवायचं." वर मला, "काकू, तुमी एकट्या किती बघणार?" जीभ बघा!

१४ जुलै
आभाळ भरलेलं. सोनाबाईच्या भाकऱ्या मऊ होत्या, लांबूनच कळत होतं. तिनं एक मोडली, ऐकल्यासारखं केलं आणि माल बांधला. मी गप्प. निर्णय तिचा ना!

१८ जुलै
पुण्याच्या दुकानदाराचा फोन — भाकऱ्यांना बुरशी! खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. रेश्माला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, सोनाबाईला आजच्या आज काढ.

"चुकली म्हणून काढलं, तर उद्या ठरवायला कोण धजंल, काकू?"

वर सोनाबाईलाच दुकानदाराला फोन करायला लावला आणि सगळा माल तिच्याच हातानं नव्यानं करवून घेतला. ती डोळे पुसत थापत होती. दया म्हणून नाही या पोरीला! आणि गिऱ्हाईक तुटलं तर नाव कुणाचं जाणार? माझं!

१९ जुलै
रेश्माशी बोलणं बंद.

२ ऑगस्ट
रेश्माला ताप, आलीच नाही. मी मुद्दाम उशिरा गेले. म्हटलं, बसल्या असतील माझी वाट बघत. तर सगळे तवे चालू! सोनाबाईनं आपली एक भाकरी मोडली, कानाशी नेली. "अजून न्हाय," म्हणाली आणि अख्खी चळत परत वाळत घातली. मला कुणी विचारलं नाही. रेश्मालाही कुणी फोन केला नाही.

पूर्वी मी आजारी पडले की इथं गॅससुद्धा पेटायचा नाही.