डॉक्टरीणबाईंचा पहिला पेशंट

वेलेस, शुक्रवार

प्रिय धर्मबाबा एलिसेओ,

दोन रविवार तुमच्याकडे जेवायला आले नाही, धर्ममाई रागावली असेल. कारण सांगते. ते वाचून तुमच्या घरात मला जागा उरेल की नाही, माहीत नाही, म्हणून आधी ऑफिसची खबर.

चांभाराच्या दुकानावरची खोली छान लागली आहे. पाटी तुम्ही हौसेने करून दिलीत, 'डॉक्टर योलिमा अरिसा'. आपल्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात, तेव्हा 'वकील' कशाला कोरायचं, असं तुमचं म्हणणं. परिणाम असा की पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे एक खोकला, दोन गुडघे आणि एक गाभण शेळी येऊन गेली. खालचा चांभार म्हणतो, "टोचा की एकेक इंजेक्शन, धंदा तरी चालेल." धंदा चालणारच आहे. इतकी वर्षं मी लिहिलेल्या अर्जांवर दुसऱ्या वकिलांच्या सह्या झाल्या; आता माझी होते, आणि ती करताना मला फार बरं वाटतं.

मग ओब्दुलियाबाई आल्या. मनगट सुजून टम्म. "डॉक्टर, मलम द्या, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." मी त्यातली डॉक्टर नव्हे म्हटल्यावर उठल्याच, पण हाताला झालं काय, ते मी विचारलं. उभा जन्म पेरूच्या वड्यांच्या कारखान्यात कढई ढवळली. हात चालेना तसा मुकादम म्हणाला, "आजी, आता घरी बसा, नातवंडं खेळवा." त्यांना मूलबाळ नाही. "पानात वड्या गुंडाळेन, झाडलोट करेन," म्हणाल्या, "पण मला घरी बसवू नका हो." कामाने जायबंदी झालेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय काढता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मलमही आणून दिलं.

कारखाना कुणाचा, हे ऐकलं तेव्हा माझं पेन थांबलं. बाप्तिस्म्याला तुम्ही मला हातांवर धरलंत, बाबा गेल्यावर शिकवलंत. मुकादमाने तुम्हाला कळवलंही नसेल. घरी येऊन, लाडीगोडी लावून हे काम मला करून घेता आलं असतं. पण मग ओब्दुलियाबाईंना वकील मिळाली नसती, तुमची लाडकी पोर मिळाली असती. म्हणून दावा लावला आहे, कारखान्याचे मालक म्हणून तुमच्याविरुद्ध, आणि तो मी जिंकणार आहे. सोमवारी कोर्टाचा माणूस कागद घेऊन येईल. परक्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. त्यांना कामावर परत घेतलंत तर दावा मागे घेईन. नाहीतर कोर्टात समोर उभी राहीन, आणि तिथे तुम्हाला धर्मबाबा म्हणणार नाही. जीव तुटेल, पण नाही म्हणणार. या रविवारी मात्र जेवायला येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्याच हातावर वाढलेली,
योलिमा