वर्नेलच्या नावाने केलेला फोन

प्रिय वर्नेल,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, कारण बुधवारी दुपारच्या आत ते तुझ्या हातात पडायलाच हवं. तू ते फोडशील की नाही, देव जाणे. चोवीस वर्षं नाताळला तुझं कार्ड येतं आणि त्यावर नुसती सही असते. ती कार्डं मी बायबलमध्ये ठेवते.

इथलं काही बरं नाही. अनाकोस्तिया स्टेशनच्या दारात देशाच्या सरकारने धाडलेले, बंदुका घेतलेले सैनिक उभे असतात. आपल्या वॉशिंग्टन शहराने त्यांना बोलावलं नाही आणि जा म्हणायचीही सोय नाही. माणसं खाली मान घालून बस पकडायला जातात. म्हातारा पर्व्हिस एक्याऐंशीचा झाला, पण आपलं शहर एक्कावन्नावं राज्य व्हावं म्हणून अजून एक्कावन्न चांदण्यांचा झेंडा लावून ओट्यावर बसतो. परवा मला हाक मारून म्हणाला, "अर्लीन, मत हवं असेल तर सदर्न अव्हेन्यू ओलांड. पलीकडे मेरीलँड. तिथल्या कुत्र्यालासुद्धा दोन सिनेटर आहेत. आपण कर भरायचा आणि भुंकायचंही नाही." मी हसले. तुला आठवतं, शाळेतून येताना आपण त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायचो, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे. तेव्हा तो खेळ होता.

तिकडच्या बातम्यांत हे आलं नसेल म्हणून सांगते. आपल्या शहराने कायदा केलाय की अठराच्या आत ज्याच्या हातून गुन्हा घडला, त्याने पंधरा वर्षं तुरुंगात काढली की न्यायाधीशापुढे जाऊन शिक्षा कमी करून मागावी. आपले कायदे मोडायचा हक्क देशाच्या संसदेला आहे, आणि आता ती हा कायदा रद्द करायला निघाली आहे. खालच्या सभागृहात झालंसुद्धा. आपली प्रतिनिधी तिथे बोलते, पण मताच्या वेळी तिला हात बांधून बसावं लागतं. गुरुवारी सिनेटमध्ये मतदान आहे आणि तिथे तर आपलं कुणीच नाही. सगळं एका मतावर अडलंय म्हणतात, आणि ते मत तुझ्या राज्याच्या सिनेटरचं आहे.

माझ्या डेरिकची न्यायाधीशापुढची तारीख पुढच्या महिन्याच्या नऊला आहे. एक्केचाळीसचा झाला तो. त्याला केंटकीतल्या तुरुंगात ठेवलंय. बसने बारा तास लागतात आणि माझे गुडघे आता तेवढे चालत नाहीत. कायदा गेला तर त्याची छत्तीस वर्षं उरतात. तेव्हा मी नसेन, वर्नेल. मला त्याला एकदा माझ्या टेबलाशी जेवताना बघायचंय.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. काही अडलं की जो तो राज्याराज्यांत पसरलेल्या आतेभावांना, मेहुण्यांना फोन लावतो, की बाबा, तुझ्या सिनेटरला आमच्यासाठी दोन शब्द सांग. माझं तिकडे तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मी स्वतःच त्या सिनेटरच्या कचेरीत फोन केला. पलीकडची मुलगी मऊ बोलणारी होती. "मॅडम, तुम्ही कुठल्या राज्यातल्या?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही ग. वॉशिंग्टनमधली." "मग तुम्ही तुमच्या सिनेटरना फोन करा ना." मी म्हटलं, "दे त्यांचा नंबर." ती सॉरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

क्लिफ्टनचं नाव मी इतका वेळ लिहिलं नाही. हात धजत नव्हता. तो माझ्याकडे जेवायला बसला की कोंबडीच्या तळलेल्या पंखांवर आपला गोड-आंबट मंबो सॉस इतका ओतायचा की बाटली लपवावी लागे. त्या दुपारी एका कोटावरून दोघांचं वाजलं आणि माझ्या डेरिकच्या हातात पिस्तूल होतं. माझ्या मुलाने तुझा मुलगा मारला. दफनानंतर मी मॅकरोनीचा ट्रे पाठवला, तो तू झाकणही न काढता माझ्या पायरीवर आणून ठेवलास. महिन्याभरात तू गाव सोडलंस. मला त्याचा राग कधीच आला नाही.

आता जे केलंय ते सांगते. त्या मुलीने फोन ठेवला त्याच दिवशी दुपारी मी सिनेटरच्या कचेरीत पुन्हा फोन लावला. दुसऱ्याच मुलीने उचलला. तिने नाव विचारलं, मी म्हटलं, वर्नेल टॉलिव्हर. पत्ता तुझ्या कार्डावरचा दिला. या कायद्याशी तुमचा काय संबंध, असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "असल्याच एका पोराने माझा मुलगा मारला. मी त्याची आई सांगते आहे, त्या पोराला घरी येऊ द्या." ती रडायला लागली. तिने वरच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, साहेबांना हे गुरुवारी सभागृहात सांगायला आवडेल, पण खात्री करायला बुधवारी चार वाजता आम्ही फोन करू. मी तुझा नंबर दिला. तुझ्या बहिणीने चर्चच्या वहीत तो लिहून ठेवलाय.

माझ्या तोंडाला तिथे किंमत नाही, म्हणून मी तुझं तोंड घेतलं. माझ्या घराने तुझा मुलगा नेला आणि आता मी तुझी माफीही चोरली. तू ती कधी दिलेली नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. तू हो म्हणावंस असं मला वाटतं, ते लपवत नाही. पण ती बाई खोटं बोलली असं तू त्यांना सांगितलंस, तरी ते खरंच असेल, आणि मी डेरिकला तसं कळवेन. बुधवारी चार वाजता तुझ्या घरचा फोन वाजेल. मी इथे पायरीवर बसलेली असेन, तू ट्रे ठेवला होतास तिथेच.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
अर्लीन